पंगतीत कोण राहिलं?

चि. बाळास,



पॅरिश कौन्सिलवर तरुणांचा प्रतिनिधी म्हणून तुझी निवड झाली, हे वाचून फार बरं वाटलं. तुझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्ममाता म्हणून मी तुझ्या वतीने देवाला शब्द दिला होता. तो आता तू स्वतः पाळू लागलास. पण आज मी लिहायला बसले आहे ती तुझ्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नासाठी.

तू लिहितोस की दर रविवारी झारखंडकडची काही माणसं मिस्साला येतात. कुणी बांधकामावर बिगारी, कुणी कंपनीत ठेकेदाराकडे. पुढचे बाक रिकामे असले तरी ती दाराशी उभी राहतात आणि शेवटचा आशीर्वाद झाला की कुणाशी न बोलता निघून जातात. सणाच्या जेवणाला त्यांनाही बोलवावं असं तू बैठकीत सुचवलंस, तेव्हा एका ज्येष्ठांनी तुला सुनावलं की आधी आपल्या गावच्या बेकार पोरांचं बघ. तू गप्प बसलास. आता मला विचारतोस, पुढारी म्हणून मी नेमकं काय करायचं?

‘प्रेषितांची कृत्ये’ काढ आणि सहावा अध्याय वाच. जेमतेम पंधरा ओव्या आहेत, पण मला विचारशील तर ख्रिस्ती पुढारपणाचा जन्म तिथं झाला. यरुशलेममध्ये श्रद्धावंतांची संख्या वाढत होती. त्यांच्यात दोन गट होते: तिथलीच भाषा बोलणारे, आणि दूरदेशी वाढून तिथं येऊन राहिलेले ग्रीक बोलणारे. रोजच्या अन्नवाटपात या दुसऱ्या गटातल्या विधवा मागे राहू लागल्या. कुणी मुद्दाम वगळलं असं तिथं म्हटलेलं नाही. वाढणाऱ्यांना आपली माणसं ओळखीची होती, ती आधी दिसली. भाषा न कळणाऱ्या बाया राहून गेल्या. अन्याय बहुतेक वेळा असाच होतो. कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ती दाबली नाही, ‘आधी आपल्या बायांचं बघू’ असंही ते म्हणाले नाहीत. त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि वाटपाच्या कामावर सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं वाच. स्तेफन, फिलिप, निकनोर, तीमोन, सगळी ग्रीक नावं. शेवटचा निकलाव तर जन्माने यहुदीसुद्धा नव्हता, अंत्युखियाचा होता. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात वाटप दिलं गेलं. आणि वाटपासाठी निवडलेला हा स्तेफन पुढे ख्रिस्तसभेचा पहिला हुतात्मा झाला.

पंगतीत कोण राहिलं ते पाहणं हे पुढाऱ्याचं पहिलं काम, आणि जे राहिले त्यांच्यातल्याच कुणाच्या हाती पळी देणं हे दुसरं. पहिलं काम दयाळू माणसं पुष्कळदा करतात. दुसरं करायला मात्र धीर लागतो, कारण त्यात आपल्या हातातलं काहीतरी सोडावं लागतं. माझं सगळं म्हणणं या दोन कामांत आलं. पुढचं लिहिते ते तुला बैठकीत बोलता यावं म्हणून.

‘बाहेरचे’ हा शब्द कुणी काढला तर त्यांना आपल्या किनाऱ्याची आठवण दे. अलिबागेत इस्रायल आळी आहे, मागेन आबोथ सिनेगॉग आहे. बेने इस्रायलांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले असं ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. नवगावला त्यांचं स्मारक आहे. ती कोकणात राहिली, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोकांनी त्यांना शनिवार तेली म्हटलं. शब्बाथ पाळतात म्हणून कुणी त्यांना हुसकावलं नाही. त्यांची घरची भाषा मराठी झाली. १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले आणि तिथंही मराठी बोलत राहिले. मुरूडच्या समोर जंजिरा उभा आहे, तो ज्या सिद्दींचा, ते आफ्रिकेतून आलेले.

आणि तुझं आजोळ, कोर्लई? चौलला पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. खाडीच्या तोंडाशी असलेला कोर्लईचा किल्ला त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. वसई पडल्यानंतर, १७४० मध्ये, चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे गेले. पोर्तुगीज सरदार आणि अधिकारी गोव्याला निघून गेले, पण शेतात राबणारी, साधी, गरीब ख्रिस्ती कुटुंबं मागे राहिली. ज्यांच्या धर्माची ती होती त्यांचं राज्य गेलं होतं. तरी ती हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांमध्ये राहिली, मळे पिकवले, माउंट कार्मेल मातेचं चर्च राखलं आणि पोर्तुगीज-मराठी मिसळून झालेली आपली बोली आजपर्यंत घरात बोलत आली. अशी बोली बोलणारे जगात हजाराच्या आसपासच असतील, आणि त्यांच्यात तुझी आजी होती. शेजाऱ्यांनी जागा दिली नसती तर आपण आज कुठे असतो, याचा विचार कौन्सिलमधल्या प्रत्येकाने एकदा करावा.

तरीही त्या ज्येष्ठांचं बोलणं तू झटकून टाकू नकोस. त्यांच्या रागाला कारण आहे. आपल्या रायगड जिल्ह्याने प्रकल्पांना जमिनी दिल्या आहेत. उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी आपले नेते दि. बा. पाटील यांच्या मागे उभं राहून जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला, त्यात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. पुढे १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. साळावला, डोलवीला लोखंड-पोलादाचे कारखाने आले, थळला खत कारखाना आला. प्रत्येक वेळी नोकऱ्यांचं आश्वासन मिळालं आणि प्रत्येक वेळी कुणीतरी बाहेर राहिलं. मासळी कमी झाली, खाड्या बदलल्या. अशा माणसाला तुम्ही ‘परक्यावर प्रेम करा’ एवढंच सांगितलंत, तर त्याला वाटणार की आपलं दुःख यांना दिसतच नाही.

त्यांच्याशी बोलताना दुसऱ्या टोकापासून सुरू कर. ठेकेदार झारखंडहून, बिहारहून, ओडिशाहून माणूस का आणतो? इथला पोरगा आळशी आहे म्हणून नव्हे. इथला पोरगा संध्याकाळी घरी जातो, त्याचा काका पंचायतीत असतो, मजुरी थकली तर तो चारचौघांना घेऊन दारात उभा राहतो. बाहेरून आणलेला माणूस ठेकेदाराच्याच पत्र्याच्या खोलीत झोपतो, परतीचं तिकीटही त्याच्या हातात नसतं, भांडायला भाषा नसते. तो स्वस्त पडतो कारण तो एकटा आहे. तो एकटा राहिला नाही, त्याला पुरी मजुरी मिळू लागली, तर त्याला इथल्या पोराच्या जागी उभं करण्यातला ठेकेदाराचा फायदाच संपतो. म्हणून त्याच्या मजुरीसाठी बोलणं हे आपल्या पोरांच्या विरोधात जाणं नव्हे, त्यांच्याच बाजूने बोलणं आहे. हे शांतपणे मांड. पटायला वेळ लागेल.

हेही सांग की आपलीही माणसं परमुलखात जातात. रायगडातले कातकरी दिवाळी झाली की बिऱ्हाड बांधतात. पावसाळ्यातल्या हलाखीत मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, कधी पार कर्नाटकापर्यंत जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोरांची शाळा दरवर्षी तिथंच तुटते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे, पण उचल अजून चालू आहे. तिकडच्या गावांत या कातकऱ्यांना कुणी विचारावं असं आपल्याला वाटतं ना? मग इथल्या ओरावाला आणि मुंड्याला आपण विचारायला हवं.

झारखंडहून येणारे ते ओराव आणि मुंडा कोण, हे तुला ठाऊक असावं म्हणून थोडं लिहिते. त्यांच्या घरची भाषा कुडुख किंवा मुंडारी, बाजारात आणि एकमेकांत सादरी. आपली मराठी मिस्सा त्यांना अर्धीच कळते, म्हणून ते दाराशी उभे राहत असतील, लाजही असेल. पण श्रद्धेत ते आपल्याहून कच्चे नाहीत. १८८५ मध्ये कॉन्स्टंट लिव्हन्स नावाचा एक बेल्जियन जेझुइट फादर छोटा नागपूरला गेला. तिथल्या आदिवासींच्या जमिनी जमीनदार गिळत होते, वेठ लादत होते. या माणसाने तिथल्या भाषा शिकून घेतल्या, जमिनीचे कायदे शिकून घेतले आणि कोर्टकचेरीत लोकांना आधार दिला. क्षयाने खंगून तो १८९३ मध्ये, चाळिशीही न गाठता वारला. त्या लोकांनी ख्रिस्ताला ओळखलं ते खटल्याच्या तारखेला आपल्यासोबत चालणाऱ्या माणसात. आज त्यांची नातवंडं-पतवंडं आपल्या चर्चमध्ये येतात. आपल्याला त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आता कामाचं. तू नुसता बोलणारा पुढारी होऊ नयेस असं मला वाटतं. एक वही कर. प्रत्येकाचं नाव, गाव, पोलीस ठाणं, घरच्या कुणाचा तरी फोन नंबर, कुठल्या मुकादमाकडे आहे, एवढं त्यांच्या संमतीने लिहून ठेव, आणि ती वही कुणाच्या हाती पडू देऊ नकोस. साधी गोष्ट वाटेल, पण परमुलखात माणूस आजारी पडतो, परांचीवरून पडतो किंवा मरतो, तेव्हा कळवायचं कुणाला हेच कुणाला माहीत नसतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार होतात आणि त्यांना घरी पोचवलं जातं. या कामाला २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथला माणूस बरा होऊ लागला की त्याला त्याच्या गावाचं, तालुक्याचं नाव आठवतं का यावर सगळं अवलंबून असतं. त्या एका नावावरून कार्यकर्ते त्याला उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, बंगालमध्ये घरापर्यंत नेतात. पनवेलजवळच्या सील आश्रमात ख्रिस्ती कार्यकर्ते मुंबईच्या फुटपाथवरून उचलून आणलेल्या निराधारांची अशीच सेवा करतात. आपल्या भागातला माणूस हरवण्याआधीच त्याचं गाव तुझ्या वहीत असू दे.

वहीतून पुढची कामं आपोआप निघतात. कुणाच्या घरी मूल असेल तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घेऊन जा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला नाही किंवा जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे मुख्याध्यापकांना नम्रपणे सांगता आलं पाहिजे. गावाकडचं रेशन कार्ड इथं चालतं. ही सोय २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरातमध्ये सुरू झाली आणि २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत आली, पण दुकानदाराने एकदा ‘नाही’ म्हटलं की नवा माणूस परत जात नाही. त्याच्यासोबत जाऊन उभं राहणं एवढंच पुरतं कधीकधी. बांधकामावर वर्षात नव्वद दिवस काम केलेल्याला कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. नव्वद दिवसांचा दाखला ठेकेदार सहजी देत नाहीत, तिथं फादरांचा किंवा सरपंचांचा एक फोन कामी येतो. रोजच्या हजेरीची एक छोटी वही प्रत्येक मजुराला स्वतःजवळ ठेवायला शिकव. पैसे बुडाले तर तिच्याशिवाय दुसरा पुरावा नसतो.

हे करताना एक गोष्ट कधीही विसरू नकोस. झारखंडच्या ख्रिस्ती माणसाला मदत आणि शेजारच्या खोलीतल्या बिहारच्या मुसलमानाला, उत्तर प्रदेशच्या हिंदूला नाही, असं झालं तर ती ख्रिस्ताची सेवा राहत नाही, जातभाईंची सोय होते. शोमरोन्याने रस्त्यावर पडलेल्याला उचललं तेव्हा धर्म विचारला नव्हता, आणि धर्मशाळेचे पैसे भरल्यावर त्याला आपल्या डोंगरावर उपासनेला येण्याची अटही घातली नव्हती. भाकरीच्या मोबदल्यात देवाचं नाव घ्यायला लावणं हा देवाचाही अपमान आणि भुकेल्याचाही. कुणी तुझ्यावर संशय घेतला तर रागावू नकोस; तुझं काम उघड्यावर चालू दे, गावच्या तरुण मंडळाला, मशिदीच्या जमातीला, पंचायतीला बरोबर घे. कोण कुठला, कुणाचे कागद खरे, हे ठरवणं शासनाचं काम आहे. तापाने फणफणलेल्या पोराला सरकारी दवाखान्यात नेणं हे तुझं.

तुला आठवत असेल, तू शाळेत होतास तेव्हा, २०२० च्या टाळेबंदीत, गोवा महामार्गाने माणसं डोक्यावर बोचकी घेऊन पनवेलकडे चालत होती. किती घरांनी त्यांना पाणी दिलं आणि किती घरांनी दारं लावून घेतली, दोन्ही मी पाहिलं. भीती सगळ्यांनाच होती. पाठोपाठ ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला आदळलं, मुरूड-श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि जिकडेतिकडे पत्रे उडाले. मग छपरं चढवायला, पडलेली झाडं कापायला आपण हात शोधू लागलो, तेव्हा कळलं की ते हात महिन्यापूर्वी पायी निघून गेले आहेत. किनाऱ्यावरचं आपलं जगणं कुणाच्या श्रमावर उभं आहे हे त्या महिन्याने दाखवून दिलं. मला मात्र एवढंच म्हणायचं आहे की माणूस उपयोगाचा आहे म्हणून त्याला आपलं म्हणणं पुरेसं नाही. उद्या तो आजारी पडेल, म्हातारा होईल, बिनकामाचा होईल, तेव्हाही तो आपला राहिला पाहिजे. प्रभू बाळ असतानाच त्याला कडेवर घेऊन त्याचे आईबाप मिसरात पळाले. तिथं ते तिघं कुणाच्या काय उपयोगाचे होते?

परमुलखात निराधार असणं म्हणजे काय, हे पंडिता रमाबाई फार खोलवर जाणत होत्या, कारण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात अन्नाविना आईवडील गमावून त्या स्वतः भावाबरोबर देशभर पायी भटकल्या होत्या. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिथं गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी आणल्या. वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या चालीरीतींच्या, हाडांचे सापळे झालेल्या. तिथल्या मुक्ती सदनात त्यांना नुसतं जेवायला घातलं गेलं नाही. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळी कामं त्यांना शिकवली आणि त्यांच्याच हातांनी ती चालू लागली. शिकलेल्या मुली पुढच्या मुलींना सांभाळू लागल्या. प्रेषितांनी यरुशलेममध्ये केलं तेच रमाबाईंनी केडगावला केलं. दुष्काळातून आलेल्या मुलींना त्यांनी कायमच्या आश्रित ठेवलं नाही.

आपल्या काळात पोप फ्रान्सिस २०१३ मध्ये निवडून आल्यावर रोमबाहेरच्या आपल्या पहिल्या भेटीला लाम्पेदुझाला गेले. आफ्रिकेतून होड्यांनी येणारी माणसं जिथं बुडत होती ते हे बेट. पुढे त्यांनी स्थलांतरितांसाठी चार गोष्टी सांगितल्या: स्वागत, रक्षण, त्यांना वर येऊ देणं आणि सामावून घेणं. पहिल्या दोन आपण सणासुदीला करतो. तिसरी आणि चौथी वर्षभर कराव्या लागतात, त्यांचे फोटो निघत नाहीत. माझ्या मते पुढारी पारखायचा तर तिथं.

तू तरुण आहेस, तुला सगळं एका वर्षात करावंसं वाटेल. तसं करू नकोस. कौन्सिलमधल्या ज्येष्ठांशी भांडून ते होणार नाही. त्या गृहस्थांच्या मुलासाठीही नोकरीचे अर्ज लिहायला बस, आयटीआयची माहिती काढून दे. दोन्हींसाठी एकाच टेबलावर बसलास की तुझं म्हणणं ते ऐकतील. कधी फसवणूकही होईल. कुणी पैसे घेऊन निघून जाईल, कुणी खोटं सांगेल. आपल्या गावातली माणसंही असं करतात, म्हणून गाव कुणी सोडत नाही. थकलास की मिस्साला जा, आणि फक्त गुडघे टेकून बस. पाय धुणाऱ्या प्रभूपुढे बसल्याशिवाय हे काम टिकत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार ख्रिस्तसभेत स्थलांतरितांसाठी राखलेला आहे. त्या दिवशीचं पहिलं वाचन आणि एक भक्तिगीत सादरीत व्हावं, आणि ते त्यांच्यातल्याच कुणी करावं, असं फादरांना आतापासून सांगून ठेव. सणाच्या जेवणाला त्यांना बोलव, पण पाहुणे म्हणून नको. जेवणाच्या कमिटीत घे, भात शिजवायला, वाढायला आणि हिशेब ठेवायला. आणि कौन्सिलची पुढची निवडणूक येईल तेव्हा एका जागेसाठी त्यांच्यातलं नाव तू स्वतः सुचव. कुणी अनुमोदन दिलं नाही तर पुढच्या वेळी पुन्हा सुचव.

तुझी,
धर्ममाता